दुरुस्तीच्या टेबलावरचा निकाल

स्वस्त उपकरणांचं परीक्षण ही इंटरनेटने आणलेली गोष्ट आहे, असा समज रूढ झाला आहे. फोन बाजारात येतो, त्याच आठवड्यात त्याच्या कॅमेऱ्यावर, पडद्यावर, बॅटरीवर व्हिडिओ निघतात आणि दहापैकी किती गुण ते जाहीर होतं. पण महाराष्ट्रातल्या गावोगावी हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि ते करणारा माणूस होता रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. सेट घेण्याआधी लोक त्याला विचारायचे, घेतल्यावर त्याला दाखवायचे, बिघडल्यावर त्याच्याकडेच आणायचे. त्याने कधी परीक्षण लिहिलं नाही, म्हणून त्याची नोंद परीक्षणाच्या इतिहासात होत नाही. मला ही चूक गंभीर वाटते. स्वस्त वस्तूचा कस खरेदीच्या दिवशी लागत नसतो. ती किती वर्षं चालते आणि बंद पडली तर किती पैशांत पुन्हा चालू होते, यावर तिचं स्वस्तपण ठरतं. ही मोजपट्टी मेकॅनिककडे होती, आणि छापील परीक्षणांनी ती जवळपास कधीच हातात घेतली नाही.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्यानंतरची दोन-तीन दशकं रेडिओ ही मोजक्या घरांतली वस्तू राहिली. व्हॉल्व्हचा जड सेट, वर पोस्टातून दरवर्षी नवा करून घ्यायचा परवाना. मर्फी, बुश, फिलिप्स अशी ठरावीक नावं होती आणि निवडीला फारसा वाव नव्हता. तो वाव ट्रान्झिस्टरने दिला, आणि त्याच सुमारास सेट पारखण्याची एक खास देशी कसोटीही तयार झाली. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याची सूत्रं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आली. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आळा घातला आणि श्रोते शॉर्टवेव्हवरच्या रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती १९५७ मध्ये आली तरी सिलोनची ओढ बराच काळ टिकली. त्यामुळे सेट घेताना पहिला प्रश्न असायचा, ‘सिलोन लागतं का?’ कंपन्या मात्र जाहिरातीत ट्रान्झिस्टरची संख्या मोठ्या अक्षरांत छापत. १९६० च्या दशकातल्या काही जपानी आणि हाँगकाँगी सेटमध्ये तर केवळ आकडा फुगवण्यासाठी काहीच काम न करणारे ट्रान्झिस्टर बसवलेले असत. सेटचं मागचं झाकण काढणाऱ्याला हे कळायचं. काचेआडचा सेट पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता.

हाच खेळ कॅसेटच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाला. आधी आखातातून येणारे आणि मुंबईत मनीष मार्केटला मिळणारे टू-इन-वन, मग देशी डेक आणि जोडून तयार केलेले अॅम्प्लिफायर. या मालाच्या खोक्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं छापलेलं असे. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, पण ती मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती, त्यामुळे उत्पादकाला वाटेल तो आकडा छापता येत होता. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजायची आणि कशी सांगायची याचा नियम केला होता. आपल्या बाजारात तशा नियमाची जागा मेकॅनिकच्या नजरेने भरून काढली. तो खोकं वाचत नसे, आधी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन त्याचं वजन बघे. मग हीटसिंकला चिकटवलेल्या आयसीचा नंबर वाचे. तिथे बऱ्याचदा ४४४० असायचा. सान्योचा हा आयसी दोन बाजूंना प्रत्येकी साधारण ६ वॉट देतो, म्हणजे खोक्यावरच्या हजारातले खरे बारा. त्याच वेळी मेकॅनिक हेही सांगे की हा आयसी कुठेही मिळतो, स्वस्त आहे आणि जळला तर अर्ध्या तासात बदलून मिळेल. दावा खोटा आहे, तरी वस्तू घेण्याजोगी आहे, असा दुहेरी निकाल त्या टेबलावर लागायचा. मला तो आजच्या गुणांच्या आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

टीव्हीच्या बाबतीत एकदा सरकारनेही हीच मोजपट्टी वापरली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम पोचवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, दहा फुटी अँटेना गावात उभारल्या गेल्या. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण सेट बसवणं हे अर्धंच काम आहे, धूळ आणि लहरी वीज असलेल्या गावात तो महिनोन्महिने चालू राहिला पाहिजे, हे जाणून दुरुस्तीची केंद्रं योजनेचाच भाग म्हणून ठेवली गेली. बाजाराने हा धडा घेतला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत प्रक्षेपण आलं, आणि दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठी आयात नियम सैल झाल्यावर परदेशी किट जोडून टीव्ही करणाऱ्यांची रीघ लागली. नावं निरनिराळी, आतली सर्किटची पाटी बरेचदा एकाच घराण्यातली. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला जाणाऱ्या कारागिराला कुठल्या नावाआड कुठली पाटी आहे हे पाठ असायचं.

यावर आक्षेप निघतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. मेकॅनिक निःपक्ष कसा? सुटे भाग तोच विकायचा, एखाद्या दुकानदाराकडून त्याला कमिशनही मिळत असेल. हे खरं आहे. पण त्याचं गिऱ्हाईक त्याच गल्लीत राहायचं, आणि चुकीचा सल्ला दिलेला सेट वर्षभरात त्याच्याच टेबलावर परत यायचा. फुकट मिळालेल्या फोनवर बोलून पुढच्या फोनकडे वळणाऱ्याला असा हिशेब द्यावा लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याच्याकडे फक्त बिघडलेले सेट येतात. न बिघडणारा सेट त्याला दिसतच नाही, आणि जो ब्रँड जास्त खपतो तोच त्याला जास्त बिघाडाचा वाटू शकतो. इथे मेकॅनिकचं ज्ञान अपुरं पडतं, हे मान्य करायला हवं. काही दोष तर टेबलावर सापडतच नाहीत. २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४.६ कोटी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. मात्सुशिताने बनवलेल्या त्या बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापण्याचा धोका होता, आणि बॅटरीवरचे २६ आकडे-अक्षरं तपासल्याशिवाय कुठली सदोष हे कुणालाही सांगता येत नव्हतं. म्हणजे प्रयोगशाळा हवीच. फक्त प्रयोगशाळेला तिसरं वर्ष दिसत नाही, आणि ते दाखवणारा दुसरा कुणी आपल्याकडे नव्हता.

मोबाईलच्या सुरुवातीच्या काळात हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं. २००३ चा नोकिया ११०० टॉर्च आणि अखंड रबरी कीपॅडमुळे लोकप्रिय झाला. बटणांमधून धूळ आत जाऊ नये म्हणून तो एकसंध केला होता, आणि हा गुण दुरुस्तीवाल्याने सर्वांत आधी ओळखला, कारण त्याच्याकडे येणाऱ्या फोनचे कीपॅडच आधी निकामी होत. या मॉडेलचे जगभरात २५ कोटींहून जास्त नग खपले. मग मोठ्या आवाजाचे, दोन सिमचे, चिवट बॅटरीचे ‘चायना मोबाईल’ आले. टेबलावरच्या कसोटीत ते पास झाले, पण त्यातल्या अनेकांना खरा आयएमईआय, म्हणजे फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांकच नव्हता. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्री अशा फोनची सेवा बंद करण्याचे आदेश निघाले. त्याआधी १९९ रुपयांत अधिकृत क्रमांक टाकून देण्याची सोय केलेली होती, तरी अनेक गिऱ्हाइकांना आपल्या फोनमध्ये काय नाही हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मेकॅनिकने त्यांना ते आधी सांगायला हवं होतं.

नव्या परीक्षकांचं श्रेयही नाकारता येणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या ‘फ्रीडम २५१’ स्मार्टफोनचा गाजावाजा झाला, तेव्हा पत्रकारांना दिलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलेलं आहे, हे त्यांनीच उघड केलं. इतक्या झटपट हे काम मेकॅनिकच्या हातून झालं नसतं, फोन हातात आल्याशिवाय तो काय तपासणार? पण पहिल्या आठवड्याची परीक्षा आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा या वेगळ्या आहेत, आणि दुसरी आता घेणंही अवघड झालं आहे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, पडदा आणि काच एकत्र, सॉफ्टवेअरचे अपडेट कधी थांबतील ते कंपनीच्या हातात. दहा-बारा हजारांच्या फोनचा पडदा बदलण्याचा खर्च ऐकून लोक नवाच फोन घेतात, आणि तो खर्च परीक्षणात क्वचितच सांगितलेला असतो. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. उघडायला किती सोपं, सुटे भाग किती वर्षं मिळतील, त्यांची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, दुरुस्तीची माहिती कुणाला मिळते, यावर ते गुण ठरत. हेच प्रश्न लॅमिंग्टन रोडवर रोज विचारले जात होते. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि २०२४ मध्ये अशाच निर्देशांकासाठी समिती नेमली. असा निर्देशांक येईल तेव्हा त्याचे गुण कंपन्यांनी भरलेल्या तक्त्यांवरून ठरू नयेत. दुरुस्तीच्या दुकानांत दररोज काय उघडलं जातं, कुठला भाग जातो, तो मिळतो की नाही, याच्या नोंदी त्यात आल्या पाहिजेत, आणि त्या करायला आजच सुरुवात करता येईल.