हरवलेला नाइटगाऊन : एक खरा खून आणि ‘द मूनस्टोन’

१/६
३० जून १८६०. इंग्लंडमधील रोड या खेड्यातील केंट कुटुंबाचा चार वर्षांचाही न झालेला सॅव्हिल पहाटे अंथरुणात नव्हता. त्याचा मृतदेह आवारातील शौचकूपात सापडला. संशय घरातल्या माणसांवरच होता.

२/६
तपासाला स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. सॅव्हिलची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचे नाइटगाऊन तीन होते, सापडले दोनच. या उणिवेवर भिस्त ठेवून त्याने तिला अटक केली. प्रतिष्ठित घरातील मुलीवर पोलिसाने आळ घ्यावा, हे लोकांना रुचले नाही. ती सुटली, व्हिचरची अब्रू गेली. १८६४ मध्ये तो निवृत्त झाला आणि १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने गुन्हा कबूल केला!

३/६
हे प्रकरण ताजे असताना विल्की कॉलिन्सने ‘द मूनस्टोन’ लिहिली. ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात ती ३२ हप्त्यांत आली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला हिरा एका इंग्रज घरातून चोरीस जातो. सार्जंट कफला दारावरचा ओला रंग पुसटलेला दिसतो. म्हणजे तो कोणाच्या तरी कपड्याला लागला असणार. कफ काय मागतो? घरची धुण्याची वही.

४/६
उत्कंठेचे खरे यंत्र मात्र निवेदनात आहे. न्यायालयातील साक्षींप्रमाणे एकेक पात्र आपापला भाग लिहिते. अट एकच, त्या वेळी स्वतःला जे ठाऊक होते त्यापलीकडे जायचे नाही. वृद्ध कारभारी बेटरेजची मालकिणीवर इतकी निष्ठा, की घरच्यांविषयी वाईट त्याच्या मनात शिरतच नाही. मिस क्लॅक स्वतःला पुण्यवान समजते. तिचे दुसऱ्यांविषयीचे प्रत्येक मत वाचक आपोआप उलटे करून पाहू लागतो. कोणीही सरळ खोटे बोलत नाही, तरी सत्य दिसत नाही. वाचकावर पंचाची जबाबदारी येते, आणि पुढच्या साक्षीसाठी आठवडाभर थांबावे लागते.

५/६
कफच्या घडणीत व्हिचरची छाया आहे, असे समीक्षक मानतात. पण कॉलिन्सने नशीब उलटे वाटले. व्हिचरचा तर्क खरा होता, तरी तो बदनाम झाला. कफचा पहिला तर्क साफ चुकतो, तरी वाचकाच्या मनातून तो उतरत नाही.

६/६
रंगाचा डाग असलेला नाइटगाऊन अखेर समुद्रकाठच्या रुतणाऱ्या वाळूतून, एका पत्र्याच्या पेटीत सापडतो. त्यावर मालकाचे नाव आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी ते येथे लिहिलेले नाही.