सर्पदंशाच्या कुपीतला ‘फॅब’

प्रतिपिंड या रक्तातल्या संरक्षक प्रथिनाच्या ज्या तुकड्यामुळे विष किंवा जंतू पकडला जातो, त्याला ‘फॅब’ म्हणतात. नाव प्रयोगशाळेतले, पण ती वस्तू भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या औषधसाठ्यात असते, ‘एएसव्ही’ या सर्पविषरोधक औषधाच्या कुपीत. तलावांच्या या जिल्ह्यात धानाची रोवणी आणि सर्पदंश यांचा हंगाम एकच. बांधीत वाकून पऱ्हे लावताना, धुऱ्यावरून अनवाणी चालताना नाग किंवा परड, म्हणजे घोणस, चावते. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यांना. कुपीतले औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, त्यामुळे साप कोणता हे कळले नाही तरी लक्षणे पाहून ते सुरू करता येते.

या औषधाची मुळे १८९० सालची. त्या वर्षी बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की धनुर्वाताचे विष थोडेथोडे टोचलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला त्या विषापासून वाचवतो. १८९५च्या सुमारास अल्बेर काल्मेत यांनी हीच युक्ती नागाच्या विषावर वापरली. आपला द्रव सगळ्याच सापांवर उतारा आहे, असे त्यांना वाटत होते. मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम यांनी हा समज खोडून काढला. नागावरचा द्रव घोणशीच्या विषापुढे निकामी ठरला. आजच्या कुपीसाठी घोड्यांना चार सापांचे विष टोचावे लागते, ते म्हणूनच.

याच हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि कायस यांनी सर्पदंशावर रामबाण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि १९३१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: एकही उपयोगी नाही. झाडपाल्याची रीत त्याने थांबली नाही, हे वेगळे सांगायला नको.

घोड्याचा रक्तद्रव मात्र निर्धोक नव्हता. तो टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी असा त्रास होई. पिर्के आणि शिक यांनी १९०५मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. शरीर परक्या घोड्याच्या प्रथिनांवर उलटत होते. त्यांतली नको ती प्रथिने काढायची कशी, हा औषध करणाऱ्यांपुढचा रोकडा प्रश्न होता. १९३०च्या दशकात पार्फेन्त्येव्ह आणि पोप यांनी त्यावर पेप्सिन हे जठरातले पाचक विकर वापरले. घटसर्पाच्या प्रतिद्रव्यावर आम्लात पेप्सिनची क्रिया केली, तर बरेचसे प्रथिन पचून जाते आणि विष मारण्याची शक्ती शिल्लक राहते, असे दिसून आले. शिल्लक राहते ते नेमके काय, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. प्रतिपिंडे रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिनमध्ये असतात, हेसुद्धा टिसेलियस आणि कबाट यांनी दाखवले ते १९३९मध्ये. कारखान्यातला हात सिद्धांताच्या वीस वर्षे पुढे होता.

उत्तराची सुरुवात १९५९मध्ये झाली. रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या गॅमा ग्लोब्युलिनवर पपेन, म्हणजे पपईच्या चिकातले विकर, वापरले आणि त्याचे तीन तुकडे मिळवले. दोन तुकडे परक्या पदार्थाला, म्हणजे प्रतिजनाला, चिकटत. तिसरा चिकटत नसे, पण त्याचे स्फटिक बनत. पोर्टर यांनी त्यांना नुसते क्रमांक दिले होते. ‘फॅब’, म्हणजे प्रतिजन बांधणारा तुकडा, आणि ‘एफसी’, म्हणजे स्फटिक होणारा तुकडा, ही नावे पुढे रूढ झाली. पूर्ण प्रतिपिंड बेचकीसारखे असते: वरच्या दोन फांद्या फॅब, खालचा दांडा एफसी. प्रतिपिंडाच्या रचनेसाठी पोर्टर आणि जेरल्ड एडलमन यांना १९७२चे नोबेल मिळाले.

पेप्सिनचे कोडे १९६०मध्ये आल्फ्रेड निसोनॉफ यांनी सोडवले. पपेन फांद्या आणि दांडा यांच्यामधल्या सांध्याच्या वर कापते, म्हणून दोन फॅब सुटे होतात. पेप्सिन सांध्याच्या खाली कापते. दांड्याचे बारीक तुकडे होतात आणि दोन्ही फांद्या जोडलेल्या राहतात. या जोडीला ‘एफ(एबी′)२’ लिहितात. त्यातली वरची खूण शोभेची नव्हे: काप जरा खाली बसल्याने सांध्याचा थोडा भाग फांदीसोबत येतो, हे ती सांगते. हा फरक औषधातही दिसतो. सुटा फॅब सुमारे ५० हजार डाल्टनचा, लहान. तो मूत्रपिंडातून लवकर निघून जातो. जोडी त्याच्या दुपटीची, ती रक्तात जास्त वेळ टिकते. भारतात बनणारी एएसव्ही ही घोड्याच्या रक्तद्रवातली हीच जोडी. लेबलावर मात्र बहुधा एवढेच असते, की हा द्रव विकराने शुद्ध केलेला आहे.

कुपीत पांढरी कोरडी पूड असते. तिच्यात १० मिली पाणी घालून कुपी हलक्या हाताने फिरवायची असते. जोरात हलवली तर फेस येतो. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. दांडा काढला, तरी घोड्याचे प्रथिन ते घोड्याचेच. काही रुग्णांना पहिल्या काही मिनिटांतच खाज, धाप, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो, म्हणून ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवतात.

फॅबची पकड रक्तात फिरणाऱ्या विषापुरती असते. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही. विष बांधले गेले, की यकृत नवे गोठणघटक तयार करते आणि काही तासांत रक्त पुन्हा गोठू लागते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, आणि झालेली इजा कितीही कुप्यांनी परत फिरत नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर टोके भरून येईपर्यंत, कधी कित्येक दिवस, रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते.