डिस्कविना जागं होणारं यंत्र

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात रात्रपाळी करून यायचे आणि आमच्या नेरूळच्या वन-आरकेत, टीव्हीसमोरच झोपायचे. टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायचा, हार्डडिस्क करकरायची. म्हणून मी टीव्हीजवळ डिस्कच ठेवायची नाही असं ठरवलं. वाटलं, काहीतरी नवीन करतोय. युक्ती माझ्याहून वयाने मोठी निघाली.

१९८०च्या दशकात डिस्क नको होती ती आवाजामुळे नव्हे, किमतीमुळे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सने बिनडिस्कची वर्कस्टेशन्स विकली. डिस्क सर्व्हरला, बाकीच्यांनी वायरीतून तिच्यावर काम करायचं.

पण डिस्क नसलेलं यंत्र सुरू कसं होणार? त्याला तर नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी एक उत्तर लिहून काढलं: बूटपी. यंत्राने सगळ्या नेटवर्कला हाक मारायची, ‘मी कोण?’ सर्व्हरने त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक ओळखून पत्ता द्यायचा आणि कोणती फाईल घ्यायची तेही सांगायचं. फाईल आणायला टीएफटीपी आधीपासून होताच. १९९३ मध्ये बूटपीच्या पायावर डीएचसीपी आला. तुमचा फोन वायफायला जोडताना पत्ता मागतो, तो याच पद्धतीने. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या पीएक्सईने ही हाक साध्या पीसीपर्यंत आणली.

मी २०१८ चं रास्पबेरी पाय थ्री बी प्लस घेतलं. पंखा नाही, डिस्क नाही; मेमरी कार्डही काढून टाकलं. जुना कॉम्प्युटर सर्व्हर होऊन स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेला. मध्ये फक्त नेटवर्कची वायर, कारण हे बूटिंग वायफायवरून होत नाही. खोली शांत झाली.

मग एके दुपारी वीज गेली आणि आली. पाय लगेच जागं झालं, हाका मारत बसलं. माळ्यावरून उत्तर नाही. पडदा काळा. बाबा उठून म्हणाले, “आवाज नाही म्हणजे चालतच नाही का रे?”

आमच्या इमारतीत विहीर नाही. नळाला पाणी येतं ते मोरबे धरणाचं. नळ उघडताना धरण आठवत नाही, पाणी गेलं की आठवतं. बिनडिस्कचं यंत्र तसंच. फोनवर स्ट्रीम होणारी आपली गाणीही तशीच: कोणाच्या तरी डिस्कवर, कोणाच्या तरी मर्जीवर. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं केलं, त्यातलं शहाणपण मला त्या दुपारी कळलं.

माझं धरण निदान माझ्याच माळ्यावर होतं. स्टूल लावून वर चढलो, बटण दाबलं. वीज आली की सर्व्हरने आपोआप सुरू व्हावं, ही सेटिंगही त्याच दिवशी बदलली. खाली येईपर्यंत टीव्ही सुरू झाला होता आणि बाबा परत झोपले होते.