आर्नो नदीच्या संगमावर



इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मी आठ दिवस एकटी राहून आले. निघताना घरात आणि गल्लीत एकच प्रश्न होता, "एकटीच चाललीस? तिकडं काय झालं तर आपलं कोण हाय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

शहर पायी फिरण्यासारखंच आहे. स्टेशनापासून मोठ्या चर्चचा घुमट, तिथून सोनारांच्या दुकानांचा जुना पूल, सगळं चालत होतं. शेवटच्या दिवशी मात्र मी मुद्दाम आर्नो नदीच्या काठानं पश्चिमेला निघाले. काशिने नावाची लांबच लांब बाग आहे. तासाभराहून जास्त चालल्यावर तिच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ एक छत्री आहे, आपल्याकडं समाधीवर असते तशी. छत्रीखाली एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो आपल्या कोल्हापूरचा राजा, दुसरे राजाराम महाराज.

१८६६ मध्ये ते दत्तक म्हणून गादीवर आले. तेव्हा गडहिंग्लजही कोल्हापूर संस्थानातच होतं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. तरीही १८७० मध्ये ते विलायतेला गेले. तिथं राणी व्हिक्टोरियाला भेटले, दादाभाई नौरोजींना भेटले, आणि रोजची हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली. पुढं १८७२ मध्ये ती रोजनिशी लंडनला छापली गेली. पण ती छापलेली बघायला लिहिणारा नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांची तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये ते वारले. वय अवघं वीस. घर हजारो मैल लांब.

बायांनो, ते काही एकटे नव्हते. बरोबर आपली माणसं होती, कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता. तरी व्हायचं ते झालं. म्हणजे सोबत असली की काही होत नाही, ही आपली समजूत तेवढी खरी नाही.

आता पुढचा प्रश्न, अंत्यविधीचा. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. लोक ख्रिस्ती, मृताला पुरणारे. उघड्यावर चिता रचायची त्यांच्याकडं रीतच नव्हती. पण शहराच्या कारभाऱ्यांनी परवानगी दिली, आणि दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, आपल्या रीतीनं त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. १९७८ मध्ये जवळच मोठा पूल झाला, त्याला लोक 'इंदियानो'चा पूल म्हणतात. इंदियानो म्हणजे भारतातला माणूस. त्यावरून रोज गाड्या धावतात, पण तो माणूस कुठल्या गावचा, हे बहुतेकांना ठाऊक नसावं. आणि आपली पोरं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकतात, पण ते नाव ज्याचं तो राजा कुठं गेला, हे आपल्यालाही कुणी सांगत नाही. गोष्ट एकच, पण अर्धी तिकडं राहिली, अर्धी इकडं.

मी तिथल्या कट्ट्यावर बराच वेळ बसले. गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. परमुलखात आपलं कोण असतं? जे जागा देतात, ते. नातं नाही, भाषा नाही, धर्म नाही, तरी त्या शहरानं एका परक्याला त्याच्या रीतीनं निरोप घेऊ दिला.

परत येताना मात्र दुसराच प्रश्न सोबत आला. आपल्या गडहिंग्लजात बदलीवर एखादी नर्स येते, एखादी शिक्षिका येते. खोली बघायला दारात उभी राहते. आपण पहिलं काय विचारतो? "एकटीच हाय? मग मालक कुठं असत्यात?" आणि मग खोली रिकामी नसते. मीही एकदा असं केलंय. ती पोरगी खाली मान घालून गेली, ते आठवलं की अजून लाज वाटते.

तिच्या घरीही कुणीतरी विचारलंच असेल, "तिकडं आपलं कोण हाय?" त्याचं उत्तर हिरण्यकेशीच्या काठावर राहणाऱ्या आपणच द्यायचं आहे.