वकील कोणाचा, आपला की कामाचा?

टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडून कल्याणच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्यांत आम्हीही कैकदा असतो. कागदांची पिशवी मांडीवर आणि बोलणे एकच : वकील कोण करावा? कुणी म्हणतो, मुंबईचा मोठा बॅरिस्टर आणा. कुणी म्हणतो, आपल्या जमातीचाच हवा. अशा वेळी आम्हाला टिळकांचे खटले आठवतात.

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही नाकारला. खटला सेशन्सकडे गेल्यावर मुंबईचेच पारशी बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. तय्यबजी म्हणजे मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी जामीन दिला. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते; अर्ज चालवणाऱ्या दावरांचे नाव मात्र गळते.

मुख्य खटल्यासाठी कलकत्त्याहून प्यू नावाचे बॅरिस्टर आले. शिक्षा झाली ती झालीच, अठरा महिन्यांची. दोष प्यूंचा म्हणवत नाही : ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष.

१९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. तरुण बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी जामीन मागितला, दावरांनी नाकारला. पुढे टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा घेतली. १९१६ मध्ये बेळगाव व नगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीनदार मागितले गेले. या वेळी हायकोर्टात जिनाच उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

पारशी, इंग्रज, मुसलमान, आणि एकदा स्वतः. टिळकांचे राजकारण कुणाला पटो न पटो, वकील निवडताना त्यांनी जात पाहिली नाही, हे कबूल करावे लागते.

आमच्या तारखा साध्या : वारसाची नोंद, भाडेकरू, भावाभावांची वाटणी. त्यात सातबारा आणि फेरफार वाचता येणारा, कल्याणच्या कोर्टाची रीत माहीत असलेला माणूस लागतो. ‘वकील’ हा शब्दच मुळी अरबी. ज्याच्यावर काम सोपवले तो. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी आम्ही एवढेच विचारतो : तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार, की ज्युनियरला पाठवणार?