शाळेतली छडी, घरातली चप्पल

साल १८६९. फिलिपिन्सच्या लगुना प्रांतातल्या बिन्यान गावात, बांबूच्या आणि निपाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एका घराच्या दारात तुम्ही उभे आहात. पाऊस नुकताच उघडलाय, झावळ्यांतून अजून पाणी टपकतंय. आत पोरांचा कालवा चाललाय. जो तो आपला धडा मोठमोठ्यानं घोकतोय.

गुरुजींचं नाव हुस्तिनियानो आकिनो क्रूझ. उंच, किडकिडीत, मान लांब, नाक टोकदार, चालताना जरासे पुढे वाकलेले. अंगात बातांगासच्या बायकांनी विणलेल्या सिनामाय कापडाचा सदरा. स्पॅनिश आणि लॅटिनची व्याकरणं तोंडपाठ. समोरचा तो बारका मुलगा पाहा. कलांब्याहून त्याला थोरल्या भावानं, पासियानोनं, इथे आणून सोडलंय. वय आठ, नाव होसे रिझाल. पुढे तो या देशाचा राष्ट्रपुरुष होणार आहे, पण आत्ता त्याचा तळहात पुढे आलाय आणि गुरुजींच्या हातात पट्टी आहे.

मोजत बसू नका. मोठेपणी तो स्वतःच आठवणींत लिहून ठेवणार आहे, की चांगला मुलगा म्हणून नाव असूनही पाच-सहा पट्ट्या खाल्ल्याशिवाय क्वचितच दिवस जायचा. तुम्हाला मध्ये पडावंसं वाटतंय, पण जाणार कोणाकडे? दाद मागावी असं ठिकाणच नाही.

अठरा वर्षं पुढे या. १८८७, बर्लिन. त्याच मुलाची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी छापून झालीय. तिच्यात एक शाळामास्तर आहे. तो छडी बाजूला ठेवतो आणि पोरं खरोखर शिकायला लागतात. गावचा पाद्री बिथरतो, ते समजण्यासारखं आहे. पण आईबापसुद्धा पाद्र्याचीच री ओढतात: माराशिवाय का कुठे पोरं शिकतात? शेवटी मास्तर हरतो. स्पॅनिश पाद्र्यांवर तुटून पडलेल्या या कादंबरीत मला सगळ्यात धीट वाटतो तो हा भाग. परक्यांना बोल लावणं सोपं असतं, इथे रिझालनं आपल्या माणसांनाही सोडलेलं नाही.

आता डिसेंबर १९७४. पुन्हा लगुनाच, पहाटेचा अंधार. सिम्बांग गाबी चालू आहे, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ पहाटेच्या प्रार्थना. चर्चबाहेर बिबिंगका भाजली जातेय: केळीच्या पानावर तांदळाचं पीठ, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. एक घ्या, गरमच खा, आणि या कुटुंबाच्या मागोमाग त्यांच्या घरी चला.

दारातच लोला, म्हणजे आजी, बसलीय. मुलं एकेक करून येतात, ‘मानो पो’ म्हणतात (‘पो’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखा आदराचा शब्द), तिचा हात धरून आपल्या कपाळाला टेकवतात आणि आत पळतात. लोलाचं शेजारणीशी बोलणं त्यामुळे अडत नाही, हात आपोआप पुढे होतो. सगळ्यांत शेवटी येते आते, थोरली बहीण. वय बारा, कडेवर धाकटा भाऊ. सहावी झाली की तिची शाळा सुटणार हे ठरल्यातच जमा आहे. सरकारी हायस्कूल मोफत व्हायला अजून १९८८ उजाडायचंय आणि घरात फी एकाचीच निघते. आज तिनं एवढंच विचारलं, ‘मीच का?’

नानाय, तिची आई, काही न बोलता डब्यातून मूठभर मूग काढते आणि कोपऱ्यात जमिनीवर पसरते. आपण उसळीला भिजत घालतो तेच हिरवे, टणक दाणे. पोरगी त्यावर गुडघे टेकते. थोड्या वेळानं भार एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेते, मग पुन्हा पहिल्यावर. उठायची परवानगी मिळते तेव्हा कातडीवर बारीक खळगे उमटलेले असतात आणि दोन-तीन दाणे तिथेच रुतलेले. ती ते नखानं काढते, बाकीचे वेचते आणि सगळे पुन्हा डब्यात टाकते. धान्य वाया घालवायचं नसतं.

याच महिन्याच्या १० तारखेला मार्शल लॉ पुकारून बसलेल्या राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी बालक आणि युवक कल्याण संहितेवर सही केलीय. तिच्यात एका कलमात मुलांचे हक्क आहेत आणि लगेच पुढच्याच कलमात मुलांची कर्तव्यं: आईवडिलांवर माया करावी, मान ठेवावा, आज्ञा पाळावी. फिलिपिनो घर नेमकं असंच चालतं. जन्म दिला, वाढवलं, याचं न फिटणारं ऋण म्हणजे ‘उतांग ना लोओब’. त्याच बळावर आते कामाला लागेल, भाऊ शिकेल आणि तो पुढे भाच्यांचं शिक्षण करील. या ऋणानं किती घरं सावरली ते मी नाकारत नाही. पण कर्ज काढताना पोराला कोणी विचारलेलं नसतं.

मधली वर्षं भरभर ओलांडा. १९८८ मध्ये कुटुंब संहिता लागू झाली आणि शिक्षकांना मुलांवर हात उगारायला बंदी आली. १९९० मध्ये देशानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचाही हक्क आहे.

मार्च २०१९, मनिला. बारा वर्षांची ती आते आता स्वतः लोला झालीय. मुलगी हाँगकाँगला घरकामाला, नातवंडं हिच्यापाशी. गेल्याच महिन्यात घरातल्या मारालाही बंदी घालणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी नाकारलं. जबाबदार आईबाप बेतानं आणि प्रेमानं मारतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधीच्या महिन्यात प्रतिनिधिगृहानं गुन्हेगारी जबाबदारीचं वय १५ वरून १२ वर आणायला मंजुरी दिली होती, सिनेटनं ते पुढे नेलं नाही एवढंच. शरीरसंबंधाला संमती द्यायचं वयही इथे अजून १२ आहे, ते १६ व्हायला २०२२ उजाडेल. म्हणजे बाराव्या वर्षी पोर कोर्टाला मोठं आणि चपलेला लहान.

तुम्ही जेवायला बसलात तेव्हा लोलाकडे हाच विषय काढता. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून तर माणसात आलो,’ ती म्हणते. मुगाचं नावही काढत नाही.

‘पण लोला,’ नात स्वयंपाकघरातून विचारते, ‘शाळेत मास्तरांनी भावाला पट्टी मारली तेव्हा बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, कचेरीत जाऊन तुम्हीच भांडलात ना, पो?’

‘उलट उत्तर देऊ नकोस,’ लोला म्हणते. तिचा हात पायातल्या चपलेकडे जातो आणि परततो, कारण घरात पाहुणा आहे. मग तुमच्या ताटात आणखी भात वाढत ती विचारते, ‘तुमच्याकडे काय करतात हो?’

तुम्हाला आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवतो. शाळेतल्या माराला त्यात बंदी आहे, घराबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही मान खाली घालून भात कालवायला लागता.