हुजूरपागेचे घड्याळ

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून सणासुदीची खरेदी करीत जाताना आपल्यापैकी कितीजणांचे लक्ष तेथल्या एका जुन्या शाळेकडे जाते? पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. पेशव्यांच्या हुजुरातीचे घोडे जेथे बांधले जात, तेथे पुढे मुलींची शाळा भरू लागली आणि जागेचे नाव शाळेलाच चिकटले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचे नाव कागदोपत्री शाळेला आहे खरे; परंतु पुणेकरांच्या तोंडी ती हुजूरपागाच राहिली.

फुले दाम्पत्याने १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण जाणतोच. पण प्राथमिक इयत्तांपलीकडे मुलींनी जावे कोठे? १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. शिक्षिका हव्यात, तर आधी मुलींना वरचे शिक्षण हवे. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आणि वामन आबाजी मोडक या मंडळींनी १८८४ साली संस्था उभारून हे काम अंगावर घेतले. सर विल्यम वेडरबर्न यांचेही त्यांना पाठबळ होते.

त्या वर्षी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरसभेत मुलींच्या हायस्कुलाची विनंती इंग्रजीत वाचून दाखविली ती रमाबाई रानडे यांनी. सभेत टाळ्या पडल्या. घरी मात्र वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागली. आमच्या मते शाळेचा खरा पाया त्या संध्याकाळी रानड्यांच्या माजघरात घातला गेला.

शाळा निघाली आणि वाद पेटला तो घड्याळावरून! वर्ग अकरा ते पाच भरत. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय शिकविले जात. 'केसरी'तून टिळकांनी त्यावर कडाडून टीका केली. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम शिकणार कधी, सकाळचे किंवा संध्याकाळचे तीन तास पुरेत, असा त्यांचा आग्रह. मुलांसाठी न्यू इंग्लिश स्कूल काढण्यात १८८० साली ज्यांचा पुढाकार होता, त्यांनीच हे लिहावे याचे आज नवल वाटते. आगरकर मात्र मुलामुलींना एकच अभ्यासक्रम असावा या मताचे होते. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला, आणि पुढे हा वाद दोन्ही पत्रांतून रंगला.

वाद दुपारच्या तीन तासांचा दिसतो. पण तेवढ्या तासांतच मॅट्रिकची तयारी होणार होती. मुंबई विद्यापीठाने पदव्यांची दारे स्त्रियांना नुकतीच उघडली होती. पुण्याच्याच एका ख्रिस्ती घरातील कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून शिकून त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्यांच्या आई फ्रान्सिना स्वतः पुण्यात शाळा चालवीत. ज्यांच्या घरी अशी आई नव्हती, त्यांना हुजूरपागा हवी होती.

शाळेला वसतिगृह जोडलेले होते, ही सोय आम्हांस इमारतीहून मोलाची वाटते. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीला सातव्या वर्षी येथे ठेवले गेले. रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला तिची वर्गमैत्रीण. त्या मैत्रीतून परांजप्यांचे घर इरावतीला दुसरे माहेर झाले. हीच मुलगी पुढे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणून नावारूपास आली.